दोन शिक्षकी शाळा आणि तीन रजा

माझी मुलगी अडीच वर्षांची होईपर्यंत मला रजा म्हणजे किरकोळ रजा, एवढंच ठाऊक होतं. वर्षाच्या मोजक्या किरकोळ रजा, त्या संपल्या की रविवार, आणि रविवारही पुरला नाही तर दिवाळीची सुट्टी. बाळंतपणाची रजा घेतली होती खरी, पण तो अर्ज गुरुजींनी लिहून दिला होता आणि मी नुसती सही केली होती. नोकरीला सात वर्षं झाली होती. चौथीच्या मुलांना अर्ज कसा लिहायचा ते मी शिकवू शकत होते. स्वतःच्या नोकरीत कुठकुठले अर्ज करता येतात हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

आमची शाळा अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन शिक्षकी. एक मी आणि दुसरे गुरुजी, म्हणजे मुख्याध्यापक. गुरुजी जामखेडचे. जिल्ह्याच्या पार त्या टोकाचा, पाण्यासाठी आभाळाकडे बघणारा माणूस नोकरीमुळे या टोकाला येऊन भाताच्या खाचरांमध्ये राहिला होता. बायकामुलं तिकडेच. निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. दोघांपैकी एक जण आला नाही, की दुसऱ्याने मधलं दार उघडं ठेवून चारही वर्ग सांभाळायचे. त्यामुळे माझी प्रत्येक रजा गुरुजींच्या अंगावर पडायची आणि त्यांची माझ्या. हे आम्ही दोघंही कधी बोललो नाही, पण रजा मागताना दोघांच्याही जिवावर यायचं.

माझा नवरा सैन्यात. तेव्हा तो उत्तरेला, सीमेजवळ कुठेतरी होता. सासर सोनईचं. सासऱ्यांच्या माघारी सासूबाई माझ्याकडे राहायला आल्या. मी त्यांना आईच म्हणते. शाळेच्या खालच्या गावात आमची भाड्याची खोली होती. मी शाळेत गेले की मुलगी त्यांच्याजवळ असायची.

मुलगी चालायला उशिरा लागली आणि लागली तीही डुलत. आम्हाला तिचं ते चालणं गोड वाटायचं. आई म्हणायच्या, हिचा बापही असाच उशिरा चालला. एक दिवस अंगणवाडीच्या ताईंनी वजन-उंची घेताना तिला पाठीवर झोपवलं, दोन्ही गुडघे जुळवले आणि पुन्हा एकदा जुळवून पाहिले. मग मला म्हणाल्या, एक पाय आखूड दिसतो, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. संगमनेरला एक्स-रे काढला. डाव्या मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीत बसलेलंच नव्हतं, जन्मापासून. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, नवरा सैन्यात आहे तर पुण्याला लष्करी दवाखान्यात जा, आणि आता वेळ काढू नका.

पुण्याच्या डॉक्टर स्वतः मेजर होत्या. बोलणं तुटक, पण एकेक गोष्ट दोनदा समजावून सांगणाऱ्या. ऑपरेशन करून सांधा जागेवर बसवता येईल, मूल लहान आहे, चांगलं चालेल, असं त्या म्हणाल्या. मी रडायला लागले. मला वाटलं होतं की ती जन्मभर लंगडेल. मग त्यांनी पुढचं सांगितलं. ऑपरेशननंतर छातीपासून पायापर्यंत प्लास्टर, साधारण तीन महिने, मध्ये एकदा बदलायचं. मुलीला दर दोन-तीन तासांनी कूस बदलून द्यायची, प्लास्टर ओलं होऊ द्यायचं नाही, उचलताना दोन्ही हात खालून घालायचे. त्यांनी विचारलं, घरी कोण असतं? मी सांगितलं, सासूबाई. आईंचं उजवं मनगट दोन वर्षांपूर्वी मोडलं होतं आणि ते वाकडंच जुळलं होतं. डॉक्टरांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "यांच्याच्याने हे वजन उचलवणार नाही. तुम्हाला घरी राहावं लागेल."

नोव्हेंबरच्या शेवटी ऑपरेशनची तारीख मिळाली. परत येताना एसटीत आई सारखं म्हणत होत्या, "व्हईल, समदं नीट व्हईल." मी मनात तीन महिने मोजत होते. माझ्या किरकोळ रजा दवाखान्याच्या फेऱ्यांतच संपत आल्या होत्या.

शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी विचारलं. उत्तरं पुष्कळ आली. कुणी म्हणालं बिनपगारी घे, कुणी म्हणालं नोकरीत खंड पडेल, सांभाळ. एका मैत्रिणीने वेगळा निरोप पाठवला: सरळ स्वतःच्या नावाने मेडिकल टाक, कंबरदुखीचं सर्टिफिकेट मिळतं, सगळे तेच करतात. मला ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तसा अर्ज लिहायला घेतला. 'माझी प्रकृती ठीक नसल्याने' एवढं लिहून झालं होतं. गुरुजी हजेरीपट घ्यायला टेबलापाशी आले आणि त्यांनी ते वाचलं.

मी त्यांना सगळं सांगून टाकलं. पुण्याला जाऊन आल्यापासून मी त्यांना नुसतं "ऑपरेशन आहे" एवढंच म्हटलं होतं. तीन महिने म्हटल्यावर ते क्षणभर खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, आजारी पोरगी हाय. मंग पोरगीच आजारी हाय म्हनून लिहा ना. खोटं कशाला?" त्यांनी मला सांगितलं की उद्या पंचायत समितीत जा, आस्थापनेच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांना भेटा, आणि शाळेची काळजी करू नका, मी बघतो.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या रजा, पगारवाढ, सेवापुस्तक बघणारे लिपिक. त्यांच्याबद्दल तालुक्यात चांगलं कुणीच बोलत नसे. एक स्वल्पविराम चुकला तरी अर्ज परत करतात, असं म्हणायचे. मी अकोल्याला पोचले तेव्हा ते डबा खात होते. मला उभीच राहायची सवय, तर त्यांनी पायाने खुर्ची पुढे सरकवली आणि भाकरीचा घास तोंडात असताना हाताने 'बोला' अशी खूण केली.

मी बोलले. त्यांनी डबा बंद केला, हात धुऊन आले आणि कपाटातून एक जाड फाइल काढली. त्यातलं एक परिपत्रक माझ्यापुढे ठेवलं.

"तुम्ही शिक्षिका ना? वाचा. मोठ्यानं वाचा."

आजूबाजूला टेबलं होती, माणसं होती. मला लाज वाटली, पण मी वाचलं. बालसंगोपन रजा. महिला कर्मचाऱ्याला मुलाच्या आजारपणासाठी, परीक्षेसाठी, संगोपनासाठी. संपूर्ण सेवेत एकशे ऐंशी दिवस, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत, पहिल्या दोन मुलांसाठी. पगार चालू. एका वर्षात जास्तीत जास्त तीन वेळा विभागून घेता येते. शेवटी एक वाक्य होतं की ही रजा हक्क म्हणून मागता येणार नाही, आधी मंजुरी घ्यावी लागेल. तिथे माझा आवाज बारीक झाला.

"घाबरू नका," भाऊसाहेब म्हणाले. "याचा अर्थ एवढाच, की आधी विचारायचं. न सांगता घरी बसायचं नाही. दवाखान्याचा कागद जोडा, तारखा लिहा, मुख्याध्यापकांची शिफारस घ्या. साहेब सही करतील."

मी विचारलं की हे आम्हाला कुणी सांगत का नाही. ते म्हणाले, इथं लोक रजा मंजूर झाली का हे विचारायला येतात, कोणती रजा आहे हे विचारायला कुणी येत नाही. मग त्यांना हुरूप आला. एका कागदावर त्यांनी मला सगळं समजावलं. शिक्षकांना उन्हाळ्याची, दिवाळीची सुट्टी असते, म्हणून इतर खात्यांसारखी अर्जित रजा आपल्या खात्यात साठत नाही. पण अर्धवेतनी रजा दरवर्षी वीस दिवस जमा होत राहते, ती कुणी बघतही नाही. आपण स्वतः खरोखर आजारी असलो तर डॉक्टरांचा दाखला देऊन तीच परिवर्तित करून घ्यायची. म्हणजे अर्ध्या पगाराचे दोन दिवस द्यायचे आणि पूर्ण पगाराचा एक दिवस घ्यायचा. बिनपगारी हे सगळ्यात शेवटचं, सगळी दारं बंद झाल्यावर. आणि लोक आधी तिकडेच पळतात, असं ते म्हणाले. माझ्या नावावर एवढे दिवस पडून होते आणि मी खोटं आजारपण लिहायला निघाले होते.

निघताना त्यांनी आमच्या शाळेचं नाव पुन्हा विचारलं. मग चष्मा काढला आणि म्हणाले, "तुमच्या शाळेतून दोनच माणसं. गुरुजींचा अर्ज पडला होता माझ्याकडे, जानेवारीचा. हर्नियाच्या ऑपरेशनचा. आज सकाळीच त्यांनी फोन करून सांगितलं, मागे घेतो म्हणून."

आज सकाळी म्हणजे मी एसटीत बसल्यावर.

भाऊसाहेब म्हणाले, "तुम्हाला सांगायचं नव्हतं वाटतं त्यांना. पण मला वाटलं, सांगावं."

परतीच्या एसटीत मला गेल्या वर्षभरातल्या गोष्टी एकेक आठवत गेल्या. गुरुजी फळ्याच्या खालच्या भागात लिहायचं टाळत होते. पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं आलं की मदतनीस ताईंना हाक मारत होते, पूर्वी स्वतः उचलायचे. कवायतीच्या तासाला खुर्ची मागवत. मी मनात म्हटलं होतं की निवृत्ती जवळ आली, आता आळस आला. मला स्वतःची फार शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांना विचारलं. आधी ते म्हणाले की तसं काही नाही. मग म्हणाले, पट्टा बांधतो, पट्ट्यावर भागतं. मी विचारलं की डॉक्टर काय म्हणाले. त्यावर ते खडू डबीत भरत बसले.

"डॉक्टर म्हनले, अडकलं तर रातोरात कापावं लागंल," ते म्हणाले. "पन अडकलं तर ना. माझं उन्हाळ्यात करता यील. तुमचं लेकरू उन्हाळ्यापर्यंत थांबनार हाय का?"

"गुरुजी, तुमच्या जिवावर मी रजा घेणार नाही," मी म्हटलं.

"मंग काय करनार? दोघंबी गेलो तर शाळेला कुलूप."

तेवढ्यापुरतं बोलणं तिथेच थांबलं. पण त्या संध्याकाळी मी कॅलेंडर काढलं आणि भाऊसाहेबांचा कागद शेजारी ठेवला. बालसंगोपन रजा विभागून घेता येते, हे डोक्यात घोळत होतं. तीन महिने मी सलग घरी राहण्याऐवजी निम्मे दिवस राहिले, आणि उरलेले दिवस घरी दुसरं कुणीतरी धट्टंकट्टं माणूस असलं, तर? तसं माणूस एकच होतं आणि ते हजार मैलांवर बंदूक घेऊन उभं होतं.

नवऱ्याला फोन लागायला तीन दिवस गेले. त्याला ऑपरेशनचं माहीत होतं. त्याने वर्षाची मोठी रजा, साठ दिवसांची, एप्रिलमधल्या गावच्या जत्रेसाठी राखून ठेवली होती. मी म्हटलं, जानेवारीत घे. तो लगेच हो म्हणाला नाही. त्याने समजावलं की त्याची रजा त्याच्या एकट्याची नसते. कंपनीतली किती माणसं एका वेळी बाहेर राहू शकतात हे ठरलेलं असतं, कुणाच्या बहिणीचं लग्न, कुणाच्या बापाचं आजारपण, सगळ्यांच्या तारखा एकमेकांत अडकलेल्या असतात. जानेवारीत केरळचा एक जण बायकोच्या बाळंतपणाला जाणार होता.

"मी साहेबांना विचारतो," तो म्हणाला. "पण तोंडी चालत नाही. दवाखान्याचा कागद पाठव. नगरला सैनिकांच्या कुटुंबांसाठी ऑफिस आहे, तिथे अर्ज दे. ते चौकशी करून इकडे कळवतात. मग साहेबांना ठरवायला सोपं जातं."

एक किरकोळ रजा त्यात गेली. नगरच्या त्या ऑफिसात एक निवृत्त सुभेदार बसले होते. त्यांनी कागद पाहिले, मला पाणी दिलं आणि म्हणाले की अशा कामाला घरच्या बायकांनीच यावं, जवान स्वतःहून मागायला लाजतात. पुढच्या आठवड्यात नवऱ्याचा फोन आला. त्याची रजा जानेवारीच्या आठ तारखेपासून मंजूर झाली होती. केरळच्या त्या माणसाने आपले दिवस थोडे मागेपुढे करून घेतले होते.

मग मी गुरुजींपुढे कॅलेंडर ठेवलं. नोव्हेंबरअखेर ते नऊ जानेवारी मी घरी. दहा तारखेला मी हजर. बारा तारखेला तुमचं ऑपरेशन, नगरला, तुम्ही आधी ठरवलं होतं तसंच. पुढचा महिनाभर तुम्ही घरी आणि माझा नवरा मुलीजवळ. गुरुजींनी बोटाने एकेक चौकोन मोजला. मग म्हणाले, "अर्ज परत लिहावा लागंल." मी म्हटलं, मी लिहून देते. माझ्या बाळंतपणाचा तुम्ही लिहून दिला होता.

ऑपरेशन झालं. मुलगी शुद्धीवर आली तेव्हा बेडकासारखे पाय फाकलेले, कमरेभोवती पांढरं घट्ट पिंप, आणि ती आपल्या पायांना हाक मारत होती. पहिले चार दिवस तिने मला क्षणभर सोडलं नाही. नंतर सवय झाली. तिला, मला आणि आईंनाही. आई तिच्याशी सागरगोटे खेळायच्या, प्लास्टरचा टेबलासारखा उपयोग करून. मला पहिल्यांदा कळलं की माझ्या मुलीला दुपारी तीनच्या सुमाराला गाणं म्हणावंसं वाटतं. शाळेत असल्याने ती वेळ मी कधी पाहिलीच नव्हती. दर महिन्याला पगार वेळेवर खात्यात येत होता आणि दर वेळी मला त्याचं नवल वाटायचं. जानेवारीच्या सुरुवातीला पुण्याला जाऊन प्लास्टर बदललं. डॉक्टर म्हणाल्या, सांधा जागेवर आहे.

सहा जानेवारीला नवऱ्याचा फोन आला. तिकडे काहीतरी झालं होतं, काय ते त्याने सांगितलं नाही. सगळ्यांच्या रजा थांबवल्या होत्या. किती दिवस, माहीत नाही.

मी भाऊसाहेबांना फोन केला. माझी रजा वाढवता येईल, असं ते म्हणाले, पण मग गुरुजींच्या वेळी शाळेत कोण? केंद्रातून, म्हणजे आसपासच्या शाळांतून, दुसरे शिक्षक तात्पुरते मिळतील का, असं केंद्रप्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, पंधरा दिवस तरी कुणी मोकळं नाही. गुरुजींना हे कळलं. ते संध्याकाळी आमच्या खोलीवर आले, मुलीजवळ बसले, तिच्या प्लास्टरवर टिचकी मारून बघितली आणि मला म्हणाले की मी तारीख पुढे ढकलतो.

मी काही बोलायच्या आत आई बोलल्या. एरवी त्या गुरुजींसमोर पदर नीट करून गप्प बसायच्या.

"गुरुजी, तुमी जावा दवाखान्यात. आमी पोरीला शाळंत न्हेतो. तितं गादी टाकायला जागा न्हाई व्हय?"

जागा होती. खूप होती.

गुरुजी दहा तारखेला जामखेडला आणि तिथून नगरला गेले. त्याच दिवसापासून मी रोज सकाळी मुलीला दोन्ही हातांवर आडवी घेऊन शाळेची चढण चढू लागले. मागे आई, डोक्यावर उशी आणि हातात दुधाची बाटली. पहिलीच्या वर्गात, उन्हाच्या कवडशाजवळ गादी टाकली. पहिल्या दिवशी मुलं फक्त तिच्याकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं की हे आत काय आहे, दगड का? मी समजावलं. तिसऱ्या दिवशी दुसरीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, हिच्यावर लिहू का?" मी हो म्हटलं. आठवडाभरात माझ्या मुलीच्या पोटावर एक ते वीस अंक, तीन मोर आणि कुणाची तरी पूर्ण सही झाली. ती पाढे म्हणायला शिकली, अर्थ न कळता. मधलं दार उघडं ठेवून मी चारही वर्ग घेत होते. कूस बदलायची वेळ झाली की आई हाक मारायच्या आणि मी गणित अर्धं सोडून जायचे. चौथीची मुलं ते गणित पुढे सोडवून ठेवायची. शिकवणं फार चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. पण शाळेला एक दिवसही कुलूप लागलं नाही.

गुरुजींचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. त्यांच्या बायकोने फोन करून सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते की बरं झालं वेळेवर आलात. मी तो फोन ठेवला आणि वर्गात जाऊन मुलांना सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. गादीवरून माझ्या मुलीनेही.

नवरा चोवीस जानेवारीला आला. रजा सुटल्याचं त्याने कळवलं होतं, पण गाडी कधी मिळेल हे माहीत नव्हतं. दुपारची वेळ होती. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते, वर्ग एकदम गप्प झाला म्हणून वळले. तो दारात उभा होता, पाठीवर पिशवी, दाढी वाढलेली, बूट बाहेर काढून ठेवलेले. तो सरळ गादीपाशी जाऊन गुडघ्यांवर बसला. मुलीने त्याला दहा महिने पाहिलं नव्हतं. तिने आईंच्या पदरात तोंड लपवलं. मग पदराआडूनच तिने त्याला विचारलं, "तुझं नाव काय?" त्याने सांगितलं. पहिलीच्या मुलांनी ते नाव एका सुरात म्हणून दाखवलं, मी रोज नवीन शब्दांचं करून घेते तसं. ती हसली. मी फळ्याकडे तोंड केलं, कारण मला मुलांसमोर रडायचं नव्हतं.

दोन दिवसांनी सव्वीस जानेवारी. गुरुजी नाहीत म्हणून सगळी तयारी माझ्यावर होती. गावात फौजी आलाय हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. सरपंच ताई म्हणाल्या, झेंडा तुमच्या मालकांच्या हातून होऊ दे. नवरा म्हणाला, "मी रजेवर आहे, ताई. मान तुमचा." तो मुलांच्या ओळीमागे, मुलीला दोन्ही हातांवर घेऊन सावधान उभा राहिला. राष्ट्रगीत संपेपर्यंत तिचं एवढं वजन घेऊन जराही हलला नाही. मुलगी मात्र मोठ्याने पाढे म्हणत होती.

त्यानंतरचे दिवस मला आयुष्यातले सगळ्यात शांत दिवस म्हणून आठवतात. सकाळी मी शाळेत जायचे. नवरा मुलीचं सगळं करायचा. अंग पुसणं, लंगोट बदलणं, भरवणं. त्याने दाराला एक कागद चिकटवला होता, कूस बदलण्याच्या वेळा लिहिलेला, आणि प्रत्येक वेळेपुढे बरोबरची खूण. आईंना आधी ते बघवेना, पुरुषाने लंगोट धुवायचे म्हणजे काय. मग एक दिवस मी शाळेतून आले तर आई ओट्यावर शेजारणीला सांगत होत्या, "माझ्या लेकाला लई नीट येतं."

फेब्रुवारीच्या मध्यावर गुरुजी परत आले. सोबत प्रकृती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला, कारण आजारपणाच्या रजेवरून हजर होताना तो लागतो. भाऊसाहेबांनी त्यांना फोनवर तीनदा बजावलं होतं. त्यांचा चेहरा उतरला होता, पण पट्टा नव्हता. ते फळ्याच्या खालच्या कडेपर्यंत वाकून लिहीत होते. मी मुद्दाम खिडकीतून बघितलं. आता शाळेत दोघं होतो, म्हणून मी बालसंगोपन रजेचा दुसरा टप्पा घेतला, दहा दिवसांचा. प्लास्टर काढायला आम्ही तिघं मिळून पुण्याला गेलो.

प्लास्टर काढल्यावर तिचे पाय काडीसारखे बारीक दिसत होते आणि ती जमिनीवर पाय टेकायला तयार नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, घाई नको, ती स्वतः टेकेल. तीन आठवडे काहीच झालं नाही. नवरा रोज तिला कोमट पाण्यात बसवायचा, पाय हळूहळू हलवून घ्यायचा. मार्चच्या मध्यावर, त्याची रजा संपायला आठवडा उरला असताना, ती खाटेची कड धरून उभी राहिली. मग खाटेपासून माझ्यापर्यंत चार पावलं आली. डुलत नव्हती. आम्ही तिघंही काही बोललो नाही, न जाणो आमच्या आवाजाने ती बसेल म्हणून.

या गोष्टीला आता चार वर्षं होत आली. मुलगी आमच्याच शाळेत पहिलीत आहे, म्हणजे माझ्याच वर्गात, आणि मला वर्गात 'बाई' म्हणते. दिवसभर धावली की कधी कधी रात्री पाय दुखतो म्हणते. वर्षातून एकदा एक्स-रे काढतो. गुरुजी निवृत्त होऊन जामखेडला गेले. दर सणाला फोन करतात. केंद्रात महिन्याला शिक्षण परिषद होते, तिथे चहाच्या वेळी माझ्याभोवती दोन-चार जणी तरी असतात. त्यांना मी भाऊसाहेबांसारखं समजावते. मागे एक तरुण शिक्षक संकोचत आले. त्यांची बायको वर्षभर अंथरुणाला खिळलेली, आजार बरा होणारा नाही, लहान मुलगा. त्यांना वाटत होतं की बालसंगोपन रजा फक्त बायकांसाठी असते. त्यांच्यासारख्या पुरुषालाही ती मिळते, हे त्यांना माहीतच नव्हतं. मी त्यांना परिपत्रकाची प्रत दिली. पुढच्या परिषदेला ते आले नाहीत. चौकशी केली तर कळलं, रजेवर आहेत. मला फार बरं वाटलं.

गेल्या आठवड्यात नवऱ्याचा फोन आला. त्याची मोठी रजा मे महिन्यात मंजूर झाली आहे, माझ्या उन्हाळ्याच्या सुट्टीत. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच दोन्ही सुट्ट्या एकत्र येतायत. मी आईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबवून त्यांनी काळजीने विचारलं, "का गं? कुनाला काय झालंय?"

मी म्हटलं, "कुणाला काही झालं नाही, आई. नुसतंच येतायत."

त्यांचे हात पुन्हा चालू लागले. मग भाजीकडे बघत म्हणाल्या, मंग सोनईचं घर झाडून घ्यावं लागंल.